दार लागेपर्यंत

एनिड टान्सलीची गाडी एमओटीत, म्हणजे गाड्यांच्या वार्षिक सरकारी तपासणीत, नापास झाली, त्या दिवशी ती दोरी लावून ओढत आणावी लागली. तपासणाऱ्याने ती रस्त्यावर चालवायलाच मनाई केली होती. गल्लीच्या तोंडाशी एनिडने ओढणाऱ्या व्हॅनला थांबवलं, दोरी सोडायला लावली, आणि उरलेल्या उतारावरून गाडी नुसती घरंगळत आणून आपल्या गॅरेजपाशी उभी केली. दोरीला बांधलेली गाडी शेजाऱ्यांना दिसता कामा नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. मला तिने हात केला, सहज चक्कर मारून आल्यासारखा.

कॉव्हेंट्रीच्या आमच्या भागात घरांच्या पाठीमागून एक बोळ जातो. बोळात प्रत्येकाचं गॅरेज, आणि गॅरेजात गाडी सोडून बाकी सगळं: मोडक्या खुर्च्या, रंगाचे अर्धे डबे, वारलेल्या सासूचं कपाट. एनिडच्या गॅरेजात मात्र गाडीच होती. एमजी मिजेट. दोन माणसांपुरती, कापडी टपाची, गडद पिवळी, आणि इतकी बुटकी की शेजारी बस उभी राहिली तर बसच्या ड्रायव्हरला तिच्यात बसलेल्यांची फक्त डोकी दिसत.

एनिड स्वतःही बुटकीच. हाडाने काटक, केस पोरासारखे कापलेले, बोटांची टोकं सुईने कडक झालेली. आयुष्यभर तिने मोटारींच्या कारखान्यात सीटांची कातडी शिवली. नवरा सिरिल त्याच कारखान्यात, पण बॉडीच्या बाजूला. दोघं एकाच गेटाने आत जायचे आणि सुटेपर्यंत एकमेकांना दिसायचे नाहीत. लग्न टिकलं ते त्यामुळेच, असं दोघंही म्हणत. एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं.

गाडी तिने नवी घेतली तेव्हाची गोष्ट ती रंगवून सांगायची. हप्त्याने घ्यायची तर नवऱ्याची सही हवी, असा तेव्हा रिवाज होता. विक्रेता म्हणाला, "यजमानांना घेऊन या." ही म्हणाली, "आणेन की, रंग दाखवायला." मग हप्त्याचा नाद सोडून ती दोन वर्षं ओव्हरटाइम करत राहिली आणि त्याच दुकानातून, त्याच माणसाकडून गाडी रोखीने घेऊन बाहेर पडली. १९७३ साल. सिरिल फुटपाथवर उभा होता. त्याला रंग आवडला नाही.

तेव्हापासून त्या गाडीला एनिडशिवाय कुणाचा पाना लागला नव्हता. ब्रेक, क्लच, गळणारं तेल, थंडीत रुसणारा कार्बोरेटर, सगळं तिनेच केलं. शिवणाऱ्या बाईची पद्धत तिच्या हातात होती. काढलेले बोल्ट ती डब्यात टाकत नसे. पुठ्ठ्यावर त्या भागाचं चित्र काढायची आणि जिथला बोल्ट तिथे टोचून ठेवायची, कार्डावर बटणं लावलेली असतात तसे. रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालायला गेले की गाडीखालून तिचे दोन पाय दिसायचे, आणि दुपारी तीच गाडी टप उघडा टाकून केनिलवर्थच्या रस्त्याला लागायची. शेजारच्या सीटवर सिरिल, मांडीवर अंड्याच्या सँडविचचा डबा, एका हाताने टोपी दाबून धरलेली. तो कुरकुरत जायचा आणि कुरकुरत यायचा, पण जायचा.

तर नापास कशाने झाली? उंबऱ्याने. दारांखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जी पोकळ पत्र्याची पेटी जाते ना, ती. दोन्ही बाजूंचे उंबरे आतून गंजून गेले होते. एनिडने वरून रंग इतका छान राखला होता की कुणाला पत्ता नव्हता. तपासणाऱ्या डेस पॉलिटने स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. डेसला मी भूगोल शिकवला आहे. उगाच कुणाला नापास करणाऱ्यातला तो नव्हे.

"मिसेस टान्सली," तो तिला म्हणाला होता, "छपराच्या गाडीला छप्पर धरून ठेवतं. हिला छप्परच नाही. हे दोन उंबरे म्हणजेच ही गाडी. आता ती नुसत्या सवयीने उभी आहे."

"मग नवे घालायचे."

"कोण घालणार? या कामाला मी हात लावणार नाही. कुणीच लावणार नाही. गाडीच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त होईल."

"तुला कुठे सांगितलं मी?" एनिड म्हणाली.

पण खरी ठिणगी पडली ती दोन दिवसांनी. मी त्यांच्याकडे चहाला गेले होते. सिरिल ओव्हनमधून ॲपल पाय काढत होता आणि आमच्याकडे पाठ करूनच बोलला.

"गाडी क्लाइव्हला दिली."

"कुठली गाडी?"

"आपल्याकडे किती गाड्या आहेत?"

"आपल्याकडे एकही नाही. माझ्याकडे एक आहे."

क्लाइव्ह रज म्हणजे सिरिलचा क्लबातला मित्र. त्याच्याकडेही मिजेटच होती, पण ती प्रदर्शनातून मिरवायची; पाऊस म्हणून तिने पाहिला नव्हता. तिच्यासाठी क्लाइव्हला एनिडच्या गाडीचं इंजिन हवं होतं, गिअरबॉक्स हवा होता, बॉनेट हवं होतं. उरलेला सांगाडा तो भंगारात घालणार होता. ईस्टरनंतरच्या शनिवारी ट्रेलर घेऊन येतो, असं ठरलं होतं.

"मी हात मिळवलाय," सिरिल म्हणाला. "क्लबात. सगळ्यांसमोर."

"मग हात धुऊन घे."

"अगं, तुझं वय काय, गाडीचं वय काय! नापास झाली ती. संपलं. एखाद्याच्या उपयोगी तरी पडेल."

एनिडने ॲपल पायचा तुकडा कापून आधी माझ्या ताटलीत वाढला. तिचा राग असा असतो. हात जास्तच सावकाश चालतात.

"ईस्टरनंतरचा शनिवार ना? ठीक. त्या शनिवारी गाडी पास झालेली नसेल, तर घेऊन जाऊ दे त्याला. मी स्वतः ट्रेलरवर चढवून देईन. पास झालेली असेल, तर तिच्या एका स्क्रूला कुणी हात लावायचा नाही. तुझ्यासकट."

"तुला वेल्डिंग येतं का?"

"तुला मफलर विणता येतो का? मग गळ्यात काय आहे? कुणीतरी शिकलंच ना."

सिरिलने मफलर सारखा केला. ताटलीतला ॲपल पाय गार झाला.

पुढच्याच आठवड्यात एनिड तांत्रिक कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन उभी राहिली. तिथे सगळे पुरुष, बागेची फाटकं बनवायला आलेले. शिकवणारा तिच्याकडे बघून अदबीने म्हणाला, "बाई, शिवणकाम वरच्या मजल्यावर."

"ते येतं मला. म्हणूनच खाली आले."

पहिल्या दिवशी तिने पत्र्याला भोकं पाडली. दुसऱ्या खेपेला भोकं लहान झाली. एप्रन भाजला, एक भुवई गेली. मग कुणाकडून तरी जुनं वेल्डिंग मशीन आलं आणि आमच्या बोळात दुपारच्या वेळी निळा उजेड नाचायला लागला. तिकडे मशीन सुरू झालं की इकडे माझ्या टीव्हीवर मुंग्या यायच्या. पलीकडच्या मिसेस ओकीने मालिका नीट दिसत नाही म्हणून तक्रार केली, तर एनिड तिला म्हणाली, "त्या मालिकेत तशीही लग्नं मोडतातच. मी सांगेन कुणाचं मोडलं ते."

आता तिची चूक. ती सांगितली पाहिजे, कारण तशी चूक शिवणाऱ्या बाईच्याच हातून व्हावी. शिवण कुजली असली की एनिड अर्धी उसवत नसे. टोकापासून टोकापर्यंत उसवायची, मळका दोरा वेचून काढायची आणि मग नवी टीप घालायची. कापडाला त्याचं काही वाटत नाही. ते टेबलावर पसरून पडून राहतं. तिने गाडीही तशीच उसवली. पुढे आणि मागे लोखंडी घोड्या लावून गाडी उचलली, मध्ये काम करायला ऐसपैस जागा ठेवली, आणि ड्रायव्हरच्या बाजूचा सगळा उंबरा ग्राइंडरने कापून काढला.

मी त्या वेळी माझ्या बागेत होते. सिरिल तिचा चहा घेऊन गॅरेजच्या दाराशी आला. ग्राइंडरचा आवाज चालू होता, तिची पाठ त्याच्याकडे होती. तो बराच वेळ गाडीच्या मधल्या भागाकडे बघत उभा राहिला. मग चहा तिथे न ठेवताच, कप हातात घेऊन घरात परत गेला. मला तेव्हा वाटलं, ठिणग्यांना घाबरला असेल.

नवा उंबरा तिने मन लावून जोडला. टाके वेडेवाकडे होते, पण घट्ट होते. वर काळा रंग दिला. ईस्टरला अवकाश असतानाच एका सकाळी बॅटरी जोडली, घोड्या काढून गाडी चाकांवर उतरवली आणि उजवं दार ढकललं.

दार लागेना. वरच्या कोपऱ्यात पत्र्यावर पत्रा अडत होता आणि खाली बोट जाईल एवढी फट. तिने जोर लावला. गुडघा लावला. मग दोन पावलं मागे जाऊन बघितलं, आणि तिला जे दिसलं ते मलाही कुंपणावरून दिसलं. गाडी मधोमध बसली होती, जुन्या गादीसारखी. दोन टोकं उचलून धरलेली, मधला आधार कापून टाकलेला. ती खाली येणारच होती. आणि खाली आलेल्या गाडीला एनिडने नवा उंबरा जोडून तिथेच पक्की केली होती.

ती उलट्या बादलीवर बसली.  नेमका त्याच वेळी बोळात क्लाइव्ह रजचा आवाज आला. तो सुटे भाग आधी एकदा बघून घ्यायला आला होता, हातात पान्यांची पेटी. मागून सिरिल, चपला घालून.

क्लाइव्हने दाराकडे बघितलं आणि इतक्या मोठ्याने हसला की मिसेस ओकीची खिडकी उघडली.

"अहो एनिड, हे काय! केळं केलंत तुम्ही गाडीचं! उघड्या गाडीचा उंबरा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या पट्ट्या जोडून घ्यायच्या असतात. पहिला धडा हा. कुणालाही विचारायचं होतं." मग तो मागे वळला. "सिरिल, अरे तूच सांगायचं होतंस की! कारखान्यात आयुष्यभर दारंच तर बसवलीस तू."

गॅरेजात कुणी हसलं नाही. क्लाइव्हला वाटलं आपला विनोद समजला नाही, म्हणून तो पुन्हा हसला. सिरिल जमिनीकडे बघत होता. एनिड बादलीवरून सिरिलकडे बघत होती, आणि मला आठवला तो परत गेलेला चहाचा कप.

"चला," क्लाइव्ह म्हणाला, "आता ही काही पास होत नाही. कार्बोरेटर आजच सोडवून नेतो. शनिवारी तेवढंच हलकं." आणि त्याने बॉनेट उघडून आत डोकं घातलं.

एनिड उठली. गुडघ्याने दाबलेलं दार आता अडकून बसलं होतं, उघडतही नव्हतं, म्हणून तिने त्यावरून पाय टाकला, सीटवर बसली, चावी फिरवली आणि हॉर्न दाबला. मिजेटचा हॉर्न बॉनेटच्या आत, अगदी पुढे असतो. क्लाइव्हचा कान त्याच्यापासून हातभर होता. तो उडाला, डोकं बॉनेटला आपटलं, पाना खाली पडला. एनिडने हॉर्नवरचा हात काढला नाही. बोळातली दारं उघडली, कुत्री भुंकायला लागली, मिसेस ओकी बाहेर आली. क्लाइव्ह ओरडून काहीतरी सांगत होता, त्याचे नुसते ओठ हलताना दिसत होते. तो पेटी उचलून बोळाच्या टोकाला पोचला, तेव्हा कुठे हॉर्न थांबला.

"शनिवार अजून यायचाय!" एनिडने त्याच्या पाठीवर ओरडून सांगितलं.

मी आत जायला हवं होतं, पण गेले नाही. कुंपणापाशीच उभी राहिले.

"तुला माहीत होतं," ती सिरिलला म्हणाली. गाडीतच बसून.

"हो."

"मी कापत होते तेव्हा दाराशी उभा होतास तू."

"हो, होतो." त्याने मफलर काढून हातात घेतला. "तू विचारलंस मला? इतक्या वर्षांत या गाडीबद्दल एक तरी गोष्ट मला विचारलीस? कारखान्यात दार बसेना की फोरमन मला शोधत यायचा. चार ओळी ओलांडून यायचा. आणि घरी माझ्या नाकासमोर तू दारं काढतेस, घालतेस, आणि मी सँडविच धरून बसतो."

"म्हणून गंमत बघत उभा राहिलास."

"गंमत नाही." मग मफलर खिशात कोंबत, "हो. बघत उभा राहिलो."

एनिडने मान हलवली, हिशोब पटल्यासारखी. दारावरून पाय टाकून उतरली, पाना घेतला आणि घरात गेली. वरून लोखंड आपटल्याचे आवाज आले. त्यांच्या खोलीत दोन वेगळे पलंग होते, जुने, लोखंडी चौकटीचे. ती खाली आली तेव्हा तिच्या खांद्यावर सिरिलच्या पलंगाच्या दोन लांब पट्ट्या होत्या.

"अगं! मी झोपू कुठे?"

"जमिनीवर. ती मध्ये बसत नाही."

सिरिल खरोखरच जमिनीवर झोपला. सोफा होता, पण सोफ्यावर झोपायला तो तयार नव्हता. त्यालाही स्वतःचा ताठा होता. सकाळी कमरेला हात लावून दूध घ्यायला बाहेर यायचा आणि मी विचारलं की म्हणायचा, "डॉक्टर म्हणतात, पाठीला चांगलं असतं." कुठल्याही डॉक्टरने असं म्हटलेलं नव्हतं.

एनिडने आपलाच टाका उसवायला घेतला. जे काम तिने मान मोडून केलं होतं, ते ग्राइंडरने पुन्हा कापलं. कापताना तिचा चेहरा मी पाहिला आहे. रडण्याचा नव्हता तो. परीक्षेत पुन्हा बसणाऱ्या मुलाचा असतो तसा होता, ओठ आत ओढलेला. या वेळी घोड्या टोकांना लावल्या नाहीत. गाडीच्या पोटाखाली, मधोमध, जाड फळी ठेवून दोन बाजूंना दोन जॅक लावले आणि थोडं थोडं करून गाडी वर उचलायला लागली. दार चौकटीत धरून ती फट तपासायची. त्यासाठी तिने माप आणलं ते आपल्या धंद्यातलं. सीटच्या कडेला शिवतात ती जाड दोरी. दोरी फटीत घालून वरून खालपर्यंत ओढायची. कुठे अडली, कुठे सैल पडली, बोटांना कळायचं.

एका दुपारी तिची दोरी वर सैल पडायला लागली. सिरिल बोळातून जात होता. तो गॅरेजात आला नाही. बाहेरच, भिंतीकडे बघत म्हणाला, "उजवा जॅक अर्धा फेरा सोड."

"विचारलं नाही मी."

"नव्हतंच विचारलं," तो म्हणाला आणि पुढे गेला.

एनिड दोरी हातात धरून उभी राहिली. सिरिलच्या चपलांचा आवाज बंद झाला, त्यांच्या मागच्या दाराची कडी वाजली. मग तिने बोळात डोकावून बघितलं, वाकली आणि उजवा जॅक अर्धा फेरा सोडला. ही गोष्ट मी तिला कधी बोलून दाखवली नाही. इथेही लिहायला नको होती, पण त्याशिवाय एनिड पुरी होत नाही.

फट सारखी झाल्यावर तिने सिरिलच्या पलंगाच्या पट्ट्या दाराच्या चौकटीत आडव्या जोडल्या, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत. मगच नवा उंबरा घातला. तो थंड झाल्यावर पट्ट्या कापल्या, बिजागऱ्यांवर दार चढवलं आणि एका बोटाने ढकललं. लागलं. तिने उघडलं आणि पुन्हा लावलं. त्या दुपारी ते दार इतक्या वेळा लागलं की मिसेस ओकीने खिडकीतून विचारलं, "कोण येतंय आणि कोण जातंय तरी?"

"कुणी जात नाहीये!" एनिड म्हणाली. "हेच तर सांगतेय."

डाव्या बाजूला मग त्याच पट्ट्या वापरल्या. ईस्टरच्या दिवशी सगळी गल्ली भाजलेल्या मांसाच्या वासाने भरली होती आणि एनिड गाडीखाली होती. सिरिलने बटाटे स्वतः सोलले, मटण करपवलं, तिची ताटली झाकून ठेवली. 

डेस पॉलिटकडे वेळ मिळाली ती नेमकी त्याच शनिवारची, सकाळची. एनिड मला म्हणाली, "चल, सोबतीला." सिरिलला म्हणाली नाही.  रस्ताभर ती स्टिअरिंग असं धरून बसली होती की जणू सोडलं तर कुणी पळवेल. डेसने गाडी वर चढवली, खाली उभा राहिला आणि छोटा हातोडा घेऊन उंबऱ्यावर टोले देत गेला, पुढून मागे. मग दुसरी बाजू. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन जिथे जिथे टाका होता तिथे टोचलं. एनिड दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून उभी होती. खिशात मुठी होत्या, ते वरून कळत होतं.

"कुणाकडून करून घेतलंत?"

"माझ्याकडून."

"दिसतंच आहे," डेस म्हणाला. "माझ्या माणसाने असं केलं असतं तर घासून गुळगुळीत करायला लावलं असतं मी. हे काय, टाके मोजता येतात."

"टाके दिसले म्हणून कुणाला नापास करतात का?"

"नाही." त्याने हातोडा पुन्हा एकदा मारला. आवाज भरीव आला. "मजबुतीला नापास करतात. आणि इथे मला तसं काही सापडत नाही. मिस," तो माझ्याकडे वळला, "तुम्ही जितकं कडक तपासायचात, मीही तेवढंच तपासलं. पास आहे."

एनिडने कागद घेतला आणि कोटाच्या आतल्या खिशात घातला. मला वाटलं ती आता तरी हसेल. ती म्हणाली, "चल, ट्रेलर यायची वेळ झाली."

घरी सिरिल फाटकापाशीच उभा होता. गाडी बोळात शिरताना त्याने आवाजावरूनच ओळखलं असणार, कारण आम्ही थांबायच्या आत त्याने टोपी डोक्यावरून काढून हातात घेतली होती.

"झाली?"

"झाली."

"बरं झालं. मी क्लाइव्हला फोन करून सांगतो, येऊ नको म्हणून."

"फोनवर नाही," एनिड म्हणाली. "हात कुठे मिळवलास?"

"अगं, शनिवारी दुपारी क्लबात सगळे असतात."

"म्हणूनच. बस."

मी उतरले आणि सिरिल बसला. पुढचं मी पाहिलेलं नाही. सिरिलने एक सांगितलं, एनिडने दुसरं, आणि दोघांचं जिथे जुळतं तेवढंच इथे देते. क्लबाच्या अंगणात क्लाइव्हचा रिकामा ट्रेलर उभा होता. एनिडने गाडी त्याच्या बरोबर शेजारी लावली आणि इंजिन चालूच ठेवलं. सिरिल आत गेला. क्लाइव्ह ग्लास घेऊन बसला होता. सिरिल त्याला म्हणाला, गाडी मिळणार नाही. ती माझी नव्हती, मी दिली ती माझी चूक. क्लाइव्ह म्हणाला, हात मिळवला होतास. सिरिल म्हणाला, मिळवला होता, आता परत घेतो. मग सगळे हसले. कुणीतरी विचारलं, बायकोने पलंगसुद्धा काढून घेतला म्हणे? सिरिल म्हणाला, हो, आणि तो पलंग डेस पॉलिटकडून पास होऊन आलाय, तुझा होईल का बघ.

हे शेवटचं वाक्य एनिडला खरं वाटत नाही. ती म्हणते, हा बाहेर आला तेव्हा कानापर्यंत लाल होता, आणि ज्याला इतकं छान बोलायला सुचतं तो इतका लाल होत नाही. क्लाइव्ह त्याच्या मागोमाग आला. त्याने उंबऱ्यापाशी बसून टाक्यांवरून बोट फिरवलं, दार उघडलं, लावलं, आणि एनिडकडे न बघता सिरिलला म्हणाला, "बसवलंस तू, होय ना? हे तुझंच काम."

सिरिलला हो म्हणता आलं असतं. अंगणात दहा-बारा जण होते, खिडकीत आणखी. तो म्हणाला, "एकही टाका माझा नाही." आणि दार उघडून आत बसला.

यावर मात्र दोघांचं एकमत आहे.

ते परत आले तेव्हा मी बागेत होते. थंडी होती, तरी टप उघडाच होता. बोळात वळायच्या आधीपासून दोघांचा आवाज ऐकू येत होता. इंजिनच्या वर.

"खडखडतंय ते ऐकतोस ना? कशाने?"

"बिजागरी. वरची. एक चकती घाल."

"बिजागरी कशी असेल? बिजागरी मी काल घट्ट केली. रबर आहे ते."

"दारं कुणी बसवली आयुष्यभर?"

"दुसऱ्यांची बसवलीस. हे माझं आहे. रबर आहे."

"चकती."

"उतर आणि दाखव. चूक निघाली तर आज रात्रीही जमिनीवर."

सिरिल उतरला. टोपी गाडीतच राहिली होती. त्याने वरच्या बिजागरीवर अंगठा ठेवला आणि म्हणाला, "आता हलव." एनिडने दार हलवलं. दोघंही मान तिरकी करून ऐकत राहिले. मग पुन्हा भांडायला लागले.